न दुखलेला पाय

सुलक्षणा धुरी रक्त तपासायला जायची ती परीक्षेला बसावं तशी, आणि बरीच वर्षं ती कधी नापास झाली नाही.

दवाखान्यातून तारीख मिळाली की त्याआधीचा आठवडाभर घरात वेगळंच राज्य यायचं. भाताचा टोप मांडणीवर उपडा पडायचा. नवऱ्याच्या ताटात नाचणीची भाकरी आणि दोडक्याची भाजी यायची, तो बिचारा मुकाट्याने गिळायचा. पहाटे गच्चीवर फेऱ्या, दुपारी कारल्याचा रस, आणि एरवी फ्रीजच्या डोक्यावर धूळ खात पडलेल्या गोळ्या त्या आठवड्यात देवपूजेच्या नेमाने पोटात जायच्या. मग रिपोर्ट यायचा आणि आकडा बरा असायचा. असणारच, आठवडाभर उपाशी ठेवल्यावर तो तरी किती उड्या मारणार! सुलक्षणा स्टेशनजवळच्या दुकानातून पेढे आणायची. पहिला देवीपुढे, मग मजल्यावरच्या प्रत्येक घरात एकेक. साखर नॉर्मल आली म्हणून पेढे वाटणारी बाई अख्ख्या कांजूरमार्गात दुसरी सापडली नसती. उरलेला पेढा ती स्वतः खायची. प्रसादाला साखर नसते, असं तिचं शास्त्र होतं. दुसऱ्या दिवशी भाताचा टोप परत गॅसवर आणि गोळ्या परत फ्रीजवर.

हसू येतं खरं, पण हसण्यावारी न्यावी अशी ती बाई नव्हती. कुडाळकडून लग्न होऊन ती कांजूरच्या चाळीत आली तेव्हा सासऱ्यांची गिरणी बंद पडून घरात चूल पेटायची मारामार होती. तिने माहेरची पाटली मोडून जुनं पायमशीन घेतलं, खिडकीपाशी मांडलं आणि साड्यांना फॉल लावायला सुरुवात केली. फॉलवरून ब्लाउजवर आली. चाळ पडली, इमारत उभी राहिली, मशीन लिफ्टमधून पाचव्या मजल्यावर चढलं आणि पुन्हा खिडकीपाशीच बसलं. सासू-सासऱ्यांची दुखणी, मुलीचं शिक्षण, लग्न, सगळं त्या मशीनच्या पायट्यावर झालं. नवऱ्याची, चंद्रप्रकाशची, पवईला एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत बल्ब, नळ, वायरींच्या स्टोअरमध्ये नोकरी होती. पण तो स्वतःच लोकांना सांगायचा, आमचं घर हिच्या दोन पायांवर उभं आहे.

अशा बाईला मूर्ख कसं म्हणायचं? ती फक्त घाबरलेली होती, आणि घाबरलेलं माणूस हाताला लागेल ते धरतं. तिची थोरली बहीण माणिक हिलाही साखरच होती. माणिकताईला इन्सुलिनची सुई सुरू झाली आणि वर्षाच्या आत ती गेली. ताईने ती सुई किती वर्षं टाळली, अंगातलं सगळं नासल्यावरच ती कशी घेतली, हा भाग सुलक्षणाच्या मनात कधी शिरलाच नाही. सुई लागली आणि माणूस गेलं, एवढंच तिने गाठीला बांधलं. गोळ्या वाढल्या की पुढची पायरी सुई, म्हणून गोळ्याच कमी खाव्यात, म्हणजे त्या पायरीपर्यंत जायला नको. शिवाय गोळी गरम पडते, किडनी खाते, असं शेजारची रतनवैनी सांगायची. रतनवैनीला सगळ्यातलं सगळं कळायचं. तिने मेथीचं पाणी सांगितलं, जांभळाच्या बियांची पूड सांगितली, कडू पोटात गेलं की गोड आपोआप मरतं हे गणितही तिचंच. आणि संकष्टी, मंगळवार, एकादशी या दिवशी गोळीचा प्रश्नच नव्हता. गोळीने उपास मोडतो.

चंद्रप्रकाश या भानगडीत नव्हता. त्याला गोडाचा जन्मजात तिटकारा. लग्नातल्या जेवणात जिलेबी दुसऱ्याच्या ताटात सरकवणारा माणूस. बायकोसोबत एकदा तुम्हीही रक्त द्या, असं डॉक्टरबाईंनी म्हटलं तेव्हा तो उठूनच उभा राहिला.

"मी गोड खाणय नाय, माका साखर खंयसून येतली?" बाहेर आल्यावर तो बायकोला म्हणाला. वर हेही, की तपासायला गेलं की हे लोक काहीतरी काढतातच, न तपासलेल्या माणसाला काही होत नाही.

रात्री दोनदा उठावं लागायचं ते वयामुळे. चष्म्याचा नंबर सारखा बदलायचा तो स्टोअरमधल्या मिणमिणत्या उजेडामुळे. एका रविवारी तो बाजारातून सुरमई घेऊन आला तो एकाच पायात चप्पल घालून. दुसरी कुठे गळली याचा त्याला पत्ताच नव्हता. मुलगी ऋतिका माहेरी आली होती, ती हसून हसून लोळली. पप्पा, उद्या पॅंट विसरून याल, म्हणाली. तोही हसला. सुलक्षणाने मासळी बाजारापर्यंत जाऊन चप्पल शोधून आणली, ती वडेवाल्याच्या गाडीजवळ रस्त्यात पडली होती. पुढे कितीतरी दिवस पाहुण्यांना ही गोष्ट सांगून घर हसत होतं.

त्याच सुमाराला, श्रावणाच्या आसपास, डॉक्टरबाईंनी सुलक्षणाला कॉटवर झोपवलं आणि डोळे मिटायला सांगितले. त्यांच्या हातात नायलॉनचा जाडसर दोरा होता. तळव्याला तो टेकवायचा, दोरा वाकेपर्यंत दाबायचा आणि विचारायचं, लागतंय का? सुलक्षणा डोळे मिटून वाट बघत राहिली. टाचेला लागलं, मधे थोडं लागलं. मग बराच वेळ काहीच नाही. तिला वाटलं, बाई फोनवर बोलायला गेल्या असतील. डोळे उघडून बघते तर दोरा अंगठ्याखाली टेकवलेलाच होता. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं, की पायाच्या नसा साखरेने मरायला लागल्या आहेत, दुखणं कळणार नाही, म्हणून घरातसुद्धा चप्पल घाला, रोज संध्याकाळी तळवे बघा. तीन महिन्यांच्या साखरेची एक वेगळी तपासणी असते, तीही लिहून दिली. ती तपासणी सुलक्षणाला मुळीच आवडली नाही. आठवड्याचं पथ्य तिथे चालत नव्हतं. आणि घरात देव असताना चप्पल घालून फिरायचं, हे तर ऐकूनसुद्धा घ्यायला नको.

घरी येऊन तिने ऋतिकाला फोनवर सांगितलं, "काय हलका हात गं त्या बाईंचा. लावला ते कळलंसुद्धा नाही."

ऋतिकाचं सासर दिंडोशीला. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि दोनदा पोटात राहून गेलं होतं. दुसऱ्या वेळी पाचवा महिना होता. त्यानंतर मुलगी फोनवर फार बोलायची नाही, नुसतं हं हं करायची. सुलक्षणाला ते हं हं ऐकवत नसे. मशीनवर बसल्या बसल्या तिचे डोळे भरायचे, फॉलची शिवण वाकडी जायची, उसवायची, पुन्हा घालायची. गणपती उरकले आणि ऋतिकाचा फोन आला, की पुन्हा दिवस राहिलेत, कुणाला सांगू नकोस.

कुणाला सांगितलं नाही, फक्त देवीला सांगितलं. नवरात्राचे नऊ दिवस उपास करीन, पायात काही घालणार नाही आणि रोज पायी येऊन ओटी भरीन, पण एवढं मूल पदरात घाल. मुंबईत नवरात्रात अनवाणी फिरणारी माणसं काय कमी असतात! ऑफिसात, बसमध्ये, बँकेच्या रांगेत, जरा खाली नजर गेली की उघडे पाय दिसतात. सुलक्षणानेही पूर्वी एकदा, नव्या नवरीच्या काळात, सासऱ्यांसाठी असे नऊ दिवस काढले होते. तेव्हा आश्विनातल्या उन्हात डांबराने तळवे भाजून निघाले होते, संध्याकाळी ती तव्यावरून उतरल्यासारखी घरी यायची आणि चंद्रप्रकाश आईची नजर चुकवून तिच्या पायांना खोबरेल चोळायचा.

या खेपेला घटस्थापनेच्या दिवशी ती मनाची तयारी करून निघाली. जाताना काही वाटलं नाही. येताना ऊन चढलं होतं तरी काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम सावली सोडून रस्त्याच्या मधून चालून पाहिलं. खडीवर पाय पडला, गिट्टीवर पडला, जणू घोंगडीवर चालावं. देवळाच्या पायरीवर तिला रडू कोसळलं. एवढी वर्षं इतकं मागितलं, पण देवीने अशी खूण कधी दिली नव्हती. पाय आईने उचलून धरलेत, याचा अर्थ मूल राहणार!

तिने घरी येऊन सांगितलं, रतनवैनीला सांगितलं, रतनवैनीने मजल्याला सांगितलं. नवरात्रातल्या नऊ रंगांच्या साड्यांवरचे ब्लाउज न्यायला बायकांची रीघ लागलेली होती, त्यातल्या दोघी-तिघी जाताना तिच्या पाया पडून गेल्या. सुलक्षणा संकोचली, पण खोटं कशाला बोला, सुखावलीही. दिवसभर केळी, बटाटा, साबुदाणा, खजूर. गोळ्या फ्रीजवर. जीव सारखा पाण्यासाठी कासावीस व्हायचा, तो उपासाने, असं तिने धरलं. रोज संध्याकाळी तळवे बघा म्हणून सांगणाऱ्या डॉक्टरबाई तिला आठवल्याही नाहीत. ज्या पायांकडे देवी बघते आहे त्यांच्याकडे आपण काय बघायचं?

दसऱ्याला सकाळी तिने मशीन पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पूजा झाल्यावर शकुनाचे चार टाके घालावेत म्हणून ती बसली आणि पायट्यावर पाय ठेवला. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज झाला. तिने पाय उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा तसाच आवाज. चंद्रप्रकाश दाराला तोरण बांधत होता. त्याला वाटलं, जोडवं आपटतंय. तो म्हणालाही, की तुझी जोडवी दोन दिवस वाजतात, सैल झालीत, सोनाराकडे टाकू.

तिने पाय मांडीवर घेऊन उलटा केला. अंगठ्याच्या उंचवट्याखाली गोल, काळपट, घासून चकचकीत झालेलं काहीतरी होतं. मंडपवाले ठोकतात तसल्या खिळ्याचं ते डोकं होतं. खिळा पुरता आत होता.

तिने नखांनी धरून तो ओढला. आला. जरासं रक्त, जरासं पाणी. दुखलं काहीच नाही. चंद्रप्रकाशच्या हातातलं तोरण गळून पडलं, पण ती त्याच्याकडे बघून चक्क हसत होती.

"खिळो गेलो तरी आईन माका कळूक देऊक नाय," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

तो खिळा तिने धुतला आणि देव्हाऱ्यात ठेवला. जखमेत हळद भरली. डॉक्टरकडे जाऊया असं चंद्रप्रकाश एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला. तिने ऐकलं नाही. गेलं तर रक्त तपासणार, आणि आत्ता तपासलं तर परीक्षेत नापास, आणि नापास झालं की सुई. तिने त्याला सांगितलं, दिवाळीआधी आठवडाभर पथ्य करते, आकडा जरा खाली आणते, मग जाऊ. त्याला ते पटलं. एवढंच नव्हे, त्यात त्याला शहाणपण दिसलं. ऋतिकाला तर काहीच कळवायचं नव्हतं. नुकते दिवस राहिलेल्या पोरीला असलं ऐकवून तिच्या पोटातलं काही हललं तर? रतनवैनीने एक पाला वाटून दिला, तो बांधला. त्यावर मोजा घातला. पाय जरा सुजला, ते पायमशीनच्या श्रमाने. रात्री कणकण आली, ती ऑक्टोबरच्या उष्णतेने. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, फक्त खरं तेवढं कुणी घेत नव्हतं.

मग वास यायला लागला. आता कांजूरला वासाचं काय कौतुक! डम्पिंग ग्राउंडवरून वारा फिरला की इमारतीतली माणसं खिडक्या लावून घेतात, उदबत्ती लावतात आणि पुढच्या कामाला लागतात. सुलक्षणानेही खिडक्या लावून घेतल्या. चंद्रप्रकाशने येताना धूप आणला. दिवाळी चार-पाच दिवसांवर आली होती, घरात चकलीची भाजणी पसरलेली, आणि या वर्षी वारा काही केल्या फिरेना. एका सकाळी तो कामावर जाण्यासाठी खाली उतरला. इमारतीच्या फाटकापाशी उभं राहून त्याने छाती भरून श्वास घेतला. हवा स्वच्छ होती. समोरच्या सगळ्या घरांच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, गॅलऱ्यांत कंदील लागत होते. फक्त पाचव्या मजल्यावरची त्याची खिडकी तेवढी बंद होती. तो तिथे किती वेळ उभा राहिला हे त्याला नंतर सांगता आलं नाही. लिफ्टची वाट न बघता तो जिन्याने वर गेला आणि त्याने बायकोच्या पायातला मोजा काढला.

हॉस्पिटलमध्ये सुई लागली. जिला टाळायला ती सगळं आयुष्य वाकडी चालली ती सुई दिवसातून चार चार वेळा लागली, आणि तिच्याने ती मेली नाही. पण पाय हाताबाहेर गेला होता. सर्जन तरुण होता, रागावलेला होता. खिळा गेला त्या दिवशी आला असतात तर नुसत्या ड्रेसिंगवर निभावलं असतं, असं तो चंद्रप्रकाशला म्हणाला, आणि मग त्या माणसाचा चेहरा बघून कागद भरायला लागला. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी सुलक्षणाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा नवऱ्याला विचारलं ते ऋतिकाबद्दल. तिला कळलं का? ती बरी आहे ना?

ऋतिका बरी होती. आईचं कळल्यावर तिने आकांत केला, पण पोटातलं हललं नाही. पाचवा महिना गेला, सातवा गेला आणि चैत्रात तिला मुलगी झाली. धडधाकट, काळ्याभोर जावळाची, आवाज असा की वॉर्डभर ऐकू जावा. सुलक्षणा कुबड्यांवर नात बघायला गेली. बाळाला मांडीवर घेतल्यावर तिचं तोंड असं उजळलं की चंद्रप्रकाशला भिंतीकडे वळावं लागलं.

ऋतिकाची सासू चांगली बाई होती. ती डोळे पुसत म्हणाली, देवीने एक पाय घेतला आणि दोन पावलं दिली.

हे वाक्य सुलक्षणाने उचललं आणि त्याच्या आधाराने ती पुढचे महिने चालली. त्यात काय चुकलं होतं तिचं? कापलेला पाय रात्री ठणकायचा. गंमत बघा, होता तेव्हा दुखला नाही आणि नव्हता तेव्हा दुखायचा. तेव्हा ती अंधारात नातीचं नाव घ्यायची. नुसत्या निष्काळजीपणाने पाय गेला, मोजा काढून वेळेवर बघितलं असतं तर तो आज पांघरुणाखाली असता, हे पत्करून कुणाला झोप येईल? सौदा झाला म्हटलं की दुःखाला किंमत येते. ती इन्सुलिन वेळेवर घेत होती, गोळ्याही घेत होती. पण मनातून तिला ते डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून होतं. खरा हिशेब वरचा, आणि तो चुकता झाला होता.

चंद्रप्रकाशने मशीनला मोटर लावून दिली. डाव्या पायाने दाबायचं बटण स्टोअरमधल्या सामानातून स्वतः बसवलं. सुलक्षणा पुन्हा खिडकीपाशी बसू लागली. आता मशीनचा तो जुना खडखडाट उरला नव्हता, नुसतं घूं घूं व्हायचं. मजल्यावरच्या बायका म्हणायच्या, वैनी, मशीन चालू आहे ते कळतच नाही. दवाखान्यात डॉक्टरबाई दर खेपेला तिचा डावा पाय मांडीवर घेऊन बघायच्या आणि बजावायच्या, की हा राखायचा आहे. त्या असं म्हणाल्या की चंद्रप्रकाश मान खाली घालून ऐकत बसायचा.

वर्ष फिरून आलं. घटस्थापना झाली. सुलक्षणाने या वर्षी उपास धरला नाही, डॉक्टरबाईंना तसं वचन दिलं होतं. कॉटवर बसून ती ब्लाउजांना हुक लावत होती. तिसऱ्या किंवा चौथ्या माळेची संध्याकाळ असेल. चंद्रप्रकाश कामावरून आला, हातपाय धुतले, तिच्यासाठी चहा टाकला. तिची नजर सहज दाराकडे गेली. त्याच्या चपला दारापाशी होत्या. केर काढणारीने ठेवल्या होत्या तशाच, जोडीने, भिंतीला टेकून. त्यांच्यावर धूळ होती.

तिने विचारलं, चपला घालून गेला नव्हतात? तो गॅसकडे तोंड करूनच उभा राहिला. लपवायचं होतं, पण त्याला लपवता येत नसे. शेवटी त्याने कबूल केलं. पहिल्या दिवसापासून तो अनवाणी होता. पवईपर्यंत बसने, पुढे पायी, दिवसभर स्टोअरमध्ये, येताना देवीकडून. तिचा उरलेला पाय शाबूत राहावा म्हणून तो देवीशी बोलला होता. गेल्या वर्षी मुलीसाठी तिने दिलं, आता तिच्यासाठी त्याने द्यायचं, यात सांगण्यासारखं काय आहे, असा त्याचा सूर होता.

सुलक्षणाला गहिवरून आलं. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने प्रेमाचा एक शब्द तोंडातून काढला नव्हता, आणि या वयात तो तिच्यासाठी डांबरावरून चालत होता. तिला त्याचे पाय चोळावेसे वाटले, त्याने एकदा तिचे चोळले होते तसे.

"लय दुखतत काय हो?" तिने विचारलं.

तो वळला. त्याच्या तोंडावर लहान पोरासारखा आनंद होता.

"नाय गो. खडी म्हणू नको, ऊन म्हणू नको, कायच लागणा नाय. आईन आयकल्यान बग."

तिच्या हातातली सुई थांबली. सुरमई घेऊन आलेला, एकाच पायात चप्पल असलेला नवरा तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. ऋतिका लोळून हसत होती, तीही हसत होती. चप्पल पायातून गळली आणि याला कळलं नाही. चप्पल गळली तेव्हा नवरात्र नव्हतं, नवस नव्हता, काही नव्हतं.

तिने त्याला कॉटवर येऊन बसायला सांगितलं. तो चहा गाळायचं म्हणत होता, तिने गॅस बंद करायला लावला. पाय वर घ्या म्हणाली. तळवे मळलेले होते, टाचांना भेगा होत्या, आणि डाव्या करंगळीच्या खाली कातडं उलून आत ओलं लाल दिसत होतं. त्याला त्याचा पत्ता नव्हता. कोपऱ्यातल्या केरसुणीतून तिने एक काडी ओढून घेतली. डोळे मिटा आणि लागलं की सांगा, असं तिने सांगितलं. तिचा आवाज तिला स्वतःलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

त्याने आज्ञाधारकपणे डोळे मिटले.

तिने काडी त्याच्या अंगठ्याखाली टेकवली. तिच्या स्वतःच्या पायात खिळा होता, त्याच जागी. काडी वाकेपर्यंत दाबली. तो शांत बसून होता. तिने काडी उचलली, दुसरीकडे टेकवली, मधे टेकवली, पुन्हा अंगठ्याखाली आणली. वर्षभर जिच्यावर भार टाकून ती चालली होती ती कुबडी कुणीतरी काढून घेतली होती. सौदा झाला नव्हता. नात आपली आपण आली होती आणि पाय फुकट गेला होता. तिने आणखी जोर दिला. काडी मोडली. तिचं टोक तळव्यात रुतून राहिलं.

चंद्रप्रकाश डोळे मिटून, चेहऱ्यावर तेच हसू घेऊन वाट बघत होता.

"अगो," तो म्हणाला, "लावतंस कधी?"